भोंग्यातून ऐकू न आलेले मास्तर

आमच्या गायन पार्टीत एक माणूस असा होता, ज्याचं वाजवणं चार वर्षांत एकाही श्रोत्यानं ऐकलं नाही. ही गोष्ट तपासून, कागदावर लिहून, खाली सही-शिक्का ठोकून सिद्ध करणारा शहाणा म्हणजे मी.

शिक्का माझा स्वतःचा होता. जालन्याच्या बाजारात खास बनवून घेतलेला. त्यावर माझं नाव, नावापुढे बी.ए., आणि खाली 'सेक्रेटरी व निवेदक'. केदारखेड्याकडच्या आमच्या वस्तीत माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बाप दुसऱ्याच्या शेतात सालदार, आई रोजानं खुरपायला. त्यामुळं पास झालो तेव्हा ती दोन अक्षरं मी जिथं जागा मिळेल तिथं लिहिली. सायकलच्या मडगार्डवर, लोखंडी ट्रंकेवर, छत्रीच्या आतल्या बाजूला सुद्धा. त्याची मला आजही लाज वाटत नाही. लाज वाटते ती शिक्क्याची, आणि तीही एकाच कागदापुरती.

मास्तरांना कोणी नावानं हाक मारत नसे. सगळे त्यांना 'चारतार मास्तर' म्हणत, कारण त्यांच्या गिटारला चारच तारा होत्या. साध्या गिटारला सहा असतात. ही बेस गिटार. तारा दोरखंडासारख्या जाड, दांडा लांब, आवाज अगदी खोल, जमिनीलगतचा. गावोगाव लोक तारा मोजून विचारत, "मास्तर, दोन तुटल्या का?" मास्तर शांतपणे सांगत, "न्हाई. दोन लागतच न्हाईत."

ती गिटार ते गोधडीत गुंडाळून न्यायचे. घनसावंगीच्या गाडीत एकदा कंडक्टरनं त्या लांबोळक्या गाठोड्याकडं पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "आजारी हाये का कोनी?" मास्तर म्हणाले, "आजारी न्हाई. थकून झोपलंय. हळू घ्या गाडी." अन् कंडक्टरनं खरोखर ड्रायव्हरला हळू घ्यायला सांगितलं. अंबडपर्यंत गाडीत कोणी मोठ्यानं बोललं नाही.

पन्नाशीचा माणूस. उंच, खांद्यात वाकलेला. पायात पॉलिश केलेले साहेबी बूट, पण स्टेजवर चढताना ते काढून ठेवायचे. आम्हाला वाटे, स्टेजला मान देतात. मी तसं निवेदनातही सांगून टाकलं होतं, दोन मिनिटं लावून. मग एकदा त्यांनीच खुलासा केला, "मानाचं काय न्हाई. बूट घालून वाजवलं की मी काय वाजवून राह्यलो ते मलाच कळत न्हाई. पायातून ऐकावं लागतं."

त्यांचा बाप रेल्वेत गँगमन. मास्तर पोरसवदा असताना काम शोधत सिकंदराबादला गेले. तिथं रेल्वेवाल्यांच्या क्लबात नाचगाण्याचा बँड होता आणि त्यात माणसाच्या उंचीचं एक उभं वाद्य. ते वाजवणारा साहेब म्हातारा झाला होता, त्याला ते उचलवत नव्हतं. मास्तर उचलायला लागले. सहा महिने नुसतं उचललं. एक दिवस साहेबाला ताप आला, वाद्य जाग्यावर उभं होतं आणि शेजारी हेच उभे होते, म्हणून वाजवलं. त्यांच्या तोंडून ही गोष्ट मी दहादा ऐकली, पण त्यात कधी 'मला संगीताची ओढ होती' असं वाक्य आलं नाही.

पुढं वाद्य बदललं, विजेचं आलं. मास्तर मुंबईला हॉटेलात वाजवू लागले. मग तीन वर्षं एका राक पार्टीत. राक म्हणजे रॉक. खांद्यापर्यंत केस असलेली, श्रीमंतांची चार पोरं आणि मागं चाळिशी उलटलेले, चापून भांग पाडलेले आमचे मास्तर. "पोरं उड्या मारत. कोनीतरी उभं राहायला पायजे व्हतं. म्हनून मला घेतलं." मुंबई का सोडली, याचं उत्तर मात्र ते दर वेळी वेगळं देत. एकदा म्हणाले, पोरं विलायतेला गेली. एकदा म्हणाले, पोरांनी केस कापले आणि बापांच्या हापिसात बसली. एकदा म्हणाले, समुद्राच्या हवेनं तारा गंजतात. तिन्ही खरी असतील.

जालन्याला परत आल्यावर तमाशाच्या फडात वाजवलं, कव्वालीत वाजवलं, सिनेमाची जाहिरात करत फिरणाऱ्या टांग्यात बसून वाजवलं. एका कीर्तनकारबुवांसोबत महिनाभर वाजवलं. पण त्या आवाजानं पोटात कालवतं, असं बुवांचं म्हणणं पडलं. मग ते आमच्या पार्टीत आले. आम्ही जयंतीला, लग्नकार्याला, विहाराच्या उद्घाटनाला गात असू. एवढा मुंबई पाहिलेला माणूस आपल्यात आला, म्हणून मी त्या दिवशी नव्या वहीत नोंद केली. शिक्का मारला.

त्या जाड तारा जालन्यात मिळत नसत. मुंबईहून आणलेला एकच संच. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मास्तर तारा काढत, भगुन्यात पाणी घेत, सोडा टाकत आणि स्टोव्हवर उकळायला ठेवत. त्यानं घामाचा मळ सुटतो आणि आवाज पुन्हा खणखणीत होतो म्हणे. घरमालकीण एकदा डोकावून म्हणाली, "काय शिजवलं आज, मास्तर?" मास्तर म्हणाले, "पातळच हाये. तुमाला न्हाई आवडनार."

त्यांच्याकडं शाबासकी एकच होती, "चूक न्हाई झाली." आणि शिवीही एकच, "लई वाजवलंस." ढोलकीवाला दगडू आमच्यात सगळ्यांत तयार हाताचा, पण त्याला ही शिवी आठवड्यातून एकदा मिळायची. माझ्यासाठी त्यांनी ती थोडी बदलून घेतली होती. मला कार्यक्रम संपल्यावर, दर वेळी, न चुकता, "लई बोललास."

माझी त्यांनी एकदाच परीक्षा घेतली. एका दुपारी म्हणाले, "तीन वर्षं इंग्रजी गान्यामागं वाजवलं, पर ते पोरगं काय म्हनत व्हतं ते कधी कळलं न्हाई. तू बी.ए. हायेस. सांग." आणि आठवेल तसं, डोळे मिटून, खर्जात गाऊन दाखवलं. मला एक शब्द कळला नाही. माझं इंग्रजी सगळं गाइडातलं. त्यात गाणं नव्हतं. पण बी.ए. माणसानं 'माहीत नाही' कसं म्हणायचं? मी गंभीरपणे सांगितलं, "हे ईश्वराला आळवलेलं आहे."

मास्तरांनी विचार केला. "मंग पोरी का नाचत व्हत्या?"

"भक्तीनं."

"बराबर," मास्तर म्हणाले. "एक तर बेसुद पडली व्हती."

आता तो कागद.

पार्टीची मुख्य गायिका गयाबाई. चाळिशीची, विधवा, दिवसा सरकी वेचायला जिनिंगात, आणि गळा असा की भोंगा बंद पडला तरी शेवटच्या माणसापर्यंत जावा. पण भोंगे आम्ही लावायचोच. पत्र्याचे, चिंचेच्या झाडावर तोंड करून बांधलेले. शेजारच्या दोन गावांना ऐकू गेलं नाही तर कार्यक्रम झाला असं कोणी मानत नसे.

त्या वर्षी एक बेंजोवाला आमच्याकडं यायला तयार झाला. बेंजो म्हणजे पेटीसारख्या चाव्या असलेलं तारेचं वाद्य, आवाज सुईसारखा. भोंग्यातून असा निघायचा की बैल कान हलवत. अडचण एवढीच होती की जीप भरलेली. मास्तरांनी कपाटाच्या फळ्यांची एक आवाजाची पेटी बनवली होती, ती बेस गिटारला जोडायची. ती पेटी दोन माणसांची जागा खायची. कुणाला तरी कमी करावं लागणार होतं.

दुसरा कोणी असता तर सरळ बोलला असता. मी शिकलेला, मी पद्धतशीर गेलो. घनसावंगीच्या कार्यक्रमात एक गाणं सुरू करून दिलं आणि वही घेऊन गर्दीच्या पार मागं, उसाच्या फडाशी जाऊन उभा राहिलो. प्रत्येक वाद्याला दहापैकी मार्क दिले. गयाबाई दहा. ढोलकी आठ. बाजाची पेटी सात. चारतार : शून्य. कान टवकारून, दोन गाणी ऐकून, प्रामाणिकपणे शून्य.

दुसऱ्या आठवड्यात गयाबाईच्या अंगणात बैठक झाली. मी उभा राहून अहवाल वाचला. गयाबाई शेंगा फोडत होती.

"शून्य म्हंजे काय रे?" तिनं विचारलं.

"म्हणजे काहीच ऐकू येत नाही."

"मला तर येतं."

"तुम्ही श्रोत्या नाहीत गयाबाई, तुम्ही कलाकार. मुद्दा श्रोत्यांचा आहे."

"मुद्दा," दगडू हळूच म्हणाला.

कोणी वाद घातला नाही, आणि हेच मला पुढं टोचत राहिलं. आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या कागद पाहिले ते आपल्याविरुद्धचे. पाटलाचा कागद, सावकाराचा कागद, चावडीवरचा कागद. आपल्या पोरानं लिहिलेला, आपल्याच बाजूचा कागद हा पहिलाच. त्याला खोटं कोण म्हणणार? गयाबाईनं माझ्याकडं पाहिलं, कागदाकडं पाहिलं आणि म्हणाली, "लिवलंयस म्हंजे खरंच आसंल." तो विश्वास पहिल्यांदा वापरायला मिळाला, आणि मी तो आमच्याच एका माणसाला काढायला वापरला.

मास्तरांनी हात पुढं केला. कागद घेतला, लांब धरून सावकाश वाचला.

"बराबर हाये. हा सुर भोंग्यातून भायेर पडतच न्हाई. पत्र्याचा गळा हाये त्याचा."

मी चाट पडलो. "तुम्हाला माहीत होतं?"

"पयल्या दिवसापासून."

"मग चार वर्षं सांगितलं का नाही?"

"तू इचारलं कवा? तू तर मार्क देऊन राह्यलास." मग त्यांनी कागद पुन्हा डोळ्यांजवळ नेला. "शिक्का चांगला उमटलाय पर. जोर बराबर पडला." आणि गिटार गोधडीत गुंडाळून ते उठले. बूट घातले. नाड्या बांधायला त्यांना नेहमीपेक्षा वेळ लागला.

पुढचा कार्यक्रम धावड्याला होता. जयंतीचा, दुपारी चारला. जीपमध्ये ऐसपैस बसून गेलो. सकाळपासून माणसं जमली होती, बायका लेकरं घेऊन पुढं बसलेल्या. गयाबाईनं पहिलं गाणं उचललं. बेंजो सुटला. बेंजोच्या मागं दगडूची ढोलकी सुटली, आणि ढोलकीच्या मागं गयाबाई. दुसऱ्या कडव्याला सगळे असे पळत होते की जणू मागून कुत्रं लागलंय. दहा मिनिटांचं गाणं सहा मिनिटांत संपलं. दुसरं पाचात. गयाबाई श्वास घ्यायला मान वळवायची, तिच्या डाव्या हाताला, थोडी मागं. तिथं मास्तर उभे असायचे. तिथं आता मोकळी फळी होती. ती तशीच पुढं वळायची आणि चुकीच्या जागी शब्द टाकायची.

अकरा गाण्यांचा कार्यक्रम दिवस मावळायच्या आत उरकला. लोक अजून येतच होते. गयाबाईचा गळा बसला. मग मी माइक घेतला. 'संगीत आणि समाज' या विषयावर मी किती वेळ बोललो ते मला आठवत नाही, पण पुढच्या रांगेतला एक म्हातारा आठवतो. तो हात जोडून उठला आणि म्हणाला, "लेकरा, तू लई शिकलास. आमी समद्यांनी बघितलं. आता खाली बस."

सरपंच निरोप द्यायला आले तेव्हा म्हणाले, "गानी चांगली झाली. जीप चुकनार व्हती का?"

परतीच्या वाटेवर दगडू म्हणाला, "मास्तरचा ठोका माझ्या बुडाखालच्या फळीतून यायचा, बी.ए. त्याच्यावर मी बसायचो. आज बसायला जागाच न्हवती." जीपमध्ये भरपूर जागा होती. गयाबाई बसक्या गळ्यानं एवढंच म्हणाली, "त्याला घेऊन ये. तूच."

मी दुसऱ्याच दिवशी मास्तरांच्या खोलीवर गेलो. कुलूप. घरमालकीण म्हणाली, लग्नाच्या बँडात लागलेत, आज नवरदेव मारुतीला निघालाय, बाजारात सापडतील.

सापडले. पुढं ट्रंपेटं आणि ढोल, मध्ये हातगाडी, हातगाडीवर धूर सोडणारा जनरेटर, शेजारी ती कपाटाच्या फळ्यांची पेटी. आणि पेटीपासून निघालेल्या लांब तारेच्या टोकाला, सगळ्यांच्या मागं, लाल कोट घातलेले मास्तर. तार वऱ्हाड्यांच्या पायांत येत होती. मी शेजारी जाऊन "मास्तर" म्हणालो. गाणं चालू असताना ते बोलत नसत. त्यांनी फक्त मानेनं तारेकडं खूण केली. मी तार उचलली.

मी टेरिलीनची पँट घातली होती, इस्त्रीची. भर बाजारातून, तारेचं वेटोळं दोन्ही हातांत धरून, मी वरातीमागं चाललो. पानाच्या ठेल्याशी आमचे कॉलेजचे सर उभे होते.

"अरे, तू बी.ए. झालास ना?"

"हो सर."

"मग हे काय?"

"सर, तार धरलीय."

गाणं संपलं. वरात चौकात थांबली. बोलायला तोंड उघडणार तोच माझा हात हातगाडीवरच्या पेटीला टेकला आणि तळव्यात काहीतरी घुमलं. खोल, दाट, थेट कोपरापर्यंत. मला भरून आलं. "मास्तर! लागलं! हाताला लागलं! आता कळलं मला, तुम्ही काय वाजवता ते!"

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. "म्या वाजवायचं थांबवलंय कवाचं. ते जनरेटर हाये."

मग मी सरळच बोललो. "चुकलो मास्तर. परत चला."

"चुकलास कुठं? कागद बराबर व्हता."

"कागद बरोबर होता. मी चुकलो." आणि धावड्याचं सगळं सांगितलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले.

"दगडू पळाला?"

"पळाला."

"आन् बाईचा गळा?"

"बसला."

त्यांनी डोळे मिटून घेतले. चेहरा असा झाला जसा घरातलं कोणी पडल्याचं कळल्यावर होतो. मला वाटलं, येणार. ढोलवाल्यानं पुढचं गाणं ठोकलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि गिटारचा पट्टा खांद्यावर नीट केला.

"न्हाई येत."

"का पण?"

"हितं बरं हाये. अठरा मानसं हायेत ह्या बँडात. एकालाबी लिवता येत न्हाई."

टोमणा मारायचा म्हणून म्हणाले असते तर मी सहन केलं असतं. ते घर हवेशीर आहे म्हणून सांगावं तसं म्हणाले. मग वाजवायला लागले, आणि मी मारुतीच्या पारापर्यंत तार धरून गेलो, कारण सोडली असती तर कोणीतरी पडलं असतं.

बँडात ते दोन लग्नसराया होते. पुढं मैदानात सर्कस उतरली होती, तिच्याबरोबर गेले. नांदेडला हत्तीच्या खेळात वाजवताना कोणीतरी पाहिलं. परभणीला एका कव्वालाच्या मागं, असंही कोणी सांगितलं. मी दोन पत्रं टाकली, शिक्का न मारता. दोन्ही परत आली.

गयाबाई माझ्यावर चिडली नाही. "म्याबी व्हय म्हणले ना," एवढंच म्हणायची. बेंजोवाल्याला तिनं ठेवून घेतलं, त्याचं पोट होतं. दगडू हळूहळू स्वतःला आवरायला शिकला. पार्टी आणखी चार-पाच वर्षं चालली, बरी चालली. फक्त तिच्या डाव्या हाताची, थोडी मागची फळी ती कोणाला देत नसे. पाण्याची कळशीसुद्धा तिथं ठेवू देत नसे. आणि दर गाण्यात, दुसऱ्या कडव्याच्या आधी, ती तिकडं मान वळवायचीच.

निवेदनाच्या भरात मी कधीकधी विसरून तिथं जाऊन उभा राहायचो. मग ती गाणं जिथं असेल तिथं थांबवायची. बाजाची पेटी थांबायची, बेंजो थांबायचा. आणि माइकमधून, चिंचेवरच्या भोंग्यांतून, तीन गावांना स्वच्छ ऐकू जाईल असं म्हणायची,

"बी.ए., तिथून सरक."

मी सरकायचो.